पहिली ऑर्डर आणि वेळेवर बिल : सिंहस्थाच्या तोंडावर एक खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण

विषय : स्टार्टअपकडून खरेदी करण्याच्या पद्धतीत बदल करण्याबाबत.

महोदय,

नाशिकला 'स्टार्टअप हब' करायचे, हे वाक्य आता प्रत्येक भूमिपूजनात ऐकू येते. हेच वाक्य चिली, केनिया, रवांडा, ट्युनिशिया आणि मलेशियाही गेली काही वर्षे बोलत आहेत. काहींनी पैसे वाटले, काहींनी कायदे केले, काहींनी शहरे बांधली. त्यातले काय चालले आणि काय फसले, याचा हिशेब आता उघड्यावर आहे. नव्या इमारतीचा नकाशा मंजूर करण्याआधी तो पाहावा, यासाठी हे पत्र.

चिलीने २०१० मध्ये 'स्टार्टअप चिली' ही योजना सुरू केली. परदेशी उद्योजकाला ४० हजार डॉलर, कंपनीत हिस्सा न मागता, आणि सोबत वर्षाचा व्हिसा. अट एवढीच, की सहा महिने चिलीत राहायचे. लोक आले, राहिले, पैसे संपवले आणि बहुतेक जण परत गेले. पुढे या योजनेचा अभ्यास झाला तेव्हा दिसले, की नुसते पैसे आणि बसायला टेबल मिळालेल्या कंपन्यांत फारसा फरक पडला नव्हता. ज्यांना त्याबरोबर कसून मार्गदर्शन मिळाले आणि ठरल्या वेळी कामाचा जाब द्यावा लागला, त्याच वाढल्या.

ट्युनिशियाने २०१८ मध्ये स्टार्टअप कायदा केला. नोकरदाराला कंपनी काढण्यासाठी वर्षभराची रजा आणि परकीय चलनाचे खाते, अशा खरोखर उपयोगी सोयी त्यात होत्या. २०१९ च्या अखेरीस सेनेगलने आणि २०२२ मध्ये नायजेरियाने आपापले कायदे केले. कायद्याची नक्कल करायला फार वेळ लागत नाही. सवलतींच्या शर्यतीत कोणीच फार काळ पुढे राहत नाही ते यामुळेच.

मलेशियाने १९९७ मध्ये सायबरजया हे नवे शहरच उभारायला घेतले. पण त्या देशातली सर्वांत मोठी तंत्रज्ञान कंपनी ग्रॅब क्वालालंपूरच्या टॅक्सी व्यवसायातून निघाली आणि २०१४ मध्ये मुख्यालय सिंगापूरला घेऊन गेली. केनियाने नैरोबीपासून सुमारे ६० किलोमीटरवर कोंझा येथे ५ हजार एकरांवर तंत्रज्ञाननगरी आखली, २०१३ मध्ये कुदळही मारली. केनियाचे नाव मात्र जगभर झाले ते त्याआधी, २००७ मध्ये सुरू झालेल्या एम-पेसामुळे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे पैसे भरायचे आणि गावाकडे मोबाइलवरून पाठवायचे. स्वतंत्र कायदा नसतानाही तिथल्या मध्यवर्ती बँकेने हरकत घेतली नाही, आणि गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून होते.

आमच्या मते सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण रवांडाचे आहे. २०१६ मध्ये तिथल्या सरकारने झिपलाइन या अमेरिकी कंपनीला ड्रोनने रुग्णालयांना रक्त पोचवण्याचे काम दिले. डोंगराळ देश, कच्चे रस्ते आणि फार काळ न टिकणारे रक्त, अशी खरी अडचण समोर ठेवली, त्यासाठी विमान वाहतुकीचे नियम जुळवून घेतले आणि सेवा विकत घेतली. श्रीमंत देशांत परवानगीच्या फायली फिरत असताना एक छोटा देश पहिला ग्राहक झाला. आमचे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

ब्राझीलमधल्या रेसिफेने २००० मध्ये जुन्या बंदर भागात 'पोर्तु डिजिटल' सुरू केले आणि पुढे तिथल्या कंपन्यांचा पालिकेचा सेवाकर ५ वरून २ टक्क्यांवर आणला. आपल्या महापालिकेच्या हाती तसला कर नाही. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेला, २०१७ पासून जीएसटी आला. मालमत्ता करात सूट देऊन कोणती सॉफ्टवेअर कंपनी पुण्याहून इकडे येईल, असे आम्हाला वाटत नाही. महापालिका कर कमी करू शकत नसली, तरी खरेदी करू शकते. सिंहस्थामुळे पुढच्या काळात ती इतकी खरेदी करणार आहे, जितकी एरवी बारा वर्षांत एकदाच होते.

गरजेतून तंत्रज्ञान येते, हे नाशिक जिल्ह्याला नवे नाही. २००३ मध्ये कीटकनाशकांच्या अंशामुळे आपल्या द्राक्षांच्या खेपा युरोपात अडकल्या. त्यानंतर २००६ मध्ये अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेने 'ग्रेपनेट' आणले. बागेची नोंदणी, नमुन्याची तपासणी, पॅकहाऊस आणि कंटेनर एका साखळीत आले आणि खोक्यावरून बागेपर्यंत पोचता येऊ लागले. त्या बाजारात आपल्याला भिडणारे देश म्हणजे चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका. त्यातला चिली स्टार्टअपच्या शर्यतीतही समोर आहे. त्याच्याशी द्राक्षात टिकलो ते खरेदीदाराने अट घातली म्हणून. स्टार्टअपच्या बाबतीत अट घालणारा खरेदीदार तुम्ही व्हावे, एवढीच मागणी आहे.

आता नेमके काय विकत घ्यायचे, ते एका उदाहरणावर पाहू.

पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, दुसरे ३१ ऑगस्टला आणि नाशिकचे तिसरे ११ सप्टेंबरला. म्हणजे ऐन पावसाळ्यात, गोदावरीच्या पात्रात. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले ते कळते. पण धरणाखाली शहरात जो पाऊस पडतो आणि नाल्यांतून पात्रात येतो, तो त्या आकड्यात नसतो. आज पुराची उंची दुतोंड्या मारुतीच्या कमरेवरून सांगितली जाते. नाशिककराला ती पुरते, पण बाहेरगावच्या लाखो भाविकांना घाटावरून हटवायचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला पुरत नाही. पाण्याची पातळी दर १० मिनिटांनी मोजून नियंत्रण कक्षाला पाठवणारे यंत्र इथला कोणताही चांगला इलेक्ट्रॉनिक्स स्टार्टअप बनवू शकतो. मात्र ते कुठे फसते, हे खरेदी करणाऱ्यालाही माहीत हवे.

सर्वांत स्वस्त म्हणजे अल्ट्रासॉनिक, पुलावरून ध्वनिलहरी सोडून पाण्यापर्यंतचे अंतर मोजणारे यंत्र. ते ध्वनीच्या वेगावर चालते आणि हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तो वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. पुलापासून पाणी ८ मीटर खाली असेल आणि तापमानात १० अंशांचा घोळ झाला, तर पातळी सुमारे १४ सेंटीमीटरने चुकते. विक्रेता सांगतो की यंत्रात तापमानाची भरपाई आहे. ती असतेही. पण तापमापी यंत्राच्या डब्यात असते, डबा उन्हात तापतो आणि भरपाई डब्याच्या तापमानाची होते, हवेच्या नाही. शिवाय तोंडावर कोळ्याने जाळे विणले की यंत्र पाण्याऐवजी जाळे मोजते. पाण्यात बुडवायच्या दाबमापीवर एका पुरात गाळ बसतो आणि तिच्या केबलमधल्या हवेच्या नळीत दमट हवा शिरते. रेडिओलहरींनी अंतर मोजणाऱ्या रडारला यातले काही होत नाही. ते कितीतरी महाग असते, पण पुलावर तेच लावावे.

रडारही कुठेही टांगून चालत नाही. पुलाच्या खांबाच्या वरच्या अंगाला पाणी फुगते आणि मागे भोवरा होतो, म्हणून ते दोन खांबांच्या मध्ये हवे. झोत ८ अंशांचा असेल, तर ८ मीटर खाली तो १.१ मीटरच्या आसपास पसरतो. तेवढ्या जागेत पाइप, केबल किंवा फांदी येता कामा नये. आणि यंत्राचा शून्य समुद्रसपाटीशी जोडलेल्या सर्वेक्षणाच्या खुणेला बांधला नाही, तर महापालिकेचा आकडा आणि जलसंपदा विभागाचा आकडा कधीच जुळणार नाही. मग दोन्ही खरे असूनही नियंत्रण कक्षात वाद होतो.

विजेचा हिशेब तर कोणी करतच नाही. यंत्र आणि मोडेम मिळून सरासरी ५० मिलिअँपिअर घेत असतील, तर १२ व्होल्टवर दिवसाला १४.४ वॉट-तास लागतात. ऑगस्टमध्ये दीड तासाचे पूर्ण ऊन धरले, तर २० वॉटचे पॅनल नुकसान वजा जाता २१ वॉट-तास देते. म्हणजे उघडीप असेल तेव्हा भागते. झड लागली की पाच दिवसांसाठी ७२ वॉट-तास बॅटरीतून निघायला हवेत. बाजारात सर्रास मिळणारी ७ अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी अर्धीच वापरायची असते, म्हणजे ४२. तिसऱ्या दिवशी यंत्र झोपते. १२ अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्के वापरली, तरी आठ दिवस काढते. दुसरी गोम अशी, की टूजीवर जाणारा मोडेम सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतो. वायर बारीक असेल तर व्होल्टेज कोसळते आणि यंत्र पुन:पुन्हा रिसेट होते. बाहेरून 'नेटवर्क नाही' असे दिसते, दोष मात्र वायरचा असतो.

आणि नेटवर्क नसतेच. पर्वणीच्या दिवशी लाखो मोबाइल एकाच टॉवरला लागलेले असतात. तेव्हा सिम असलेले यंत्र रांगेत उभे राहते आणि एसएमएससुद्धा तासाने पोचतो. म्हणून ज्या आकड्यावर लोकांचे जीव अवलंबून आहेत, तो सिमवर ठेवू नये. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा रेडिओ पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. त्यावर लोरा या कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओ पद्धतीने २०-३० बाइटचा छोटा संदेश जवळच्या उंच इमारतीवरच्या गेटवेला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या यंत्राला, पाठवावा आणि तिथून पुढे फायबर. सिम राहू द्यावे, पण जोडीला.

एवढे सगळे निविदेत लिहायचे का? नाही, आणि पुष्कळदा चूक इथेच होते. निविदेत एखाद्या परदेशी कंपनीच्या माहितीपत्रकातली पाने उतरवली जातात आणि शेवटी 'किंवा समतुल्य' असे लिहिले जाते. त्याऐवजी परिणाम लिहावा : चूक २ सेंटीमीटरच्या आत, दर १० मिनिटांनी नोंद, पावसाळ्यातल्या सलग ६० दिवसांत ८,६४० पैकी किमान ८,२०८ नोंदी वेळेत पोचलेल्या. हे कसे साधायचे ते बनवणाऱ्याने पाहावे. २०२६ चा पावसाळा ही त्याची एकमेव रंगीत तालीम आहे. २०२७ च्या जूनमध्ये यंत्र बसवणे म्हणजे वरातीमागून घोडे.

याच पद्धतीने गर्दी मोजणे, फिरत्या शौचालयांच्या टाक्यांची पातळी, निर्माल्याच्या गाड्यांचे मार्ग आणि हरवलेल्या माणसांची नोंद हीही कामे देता येतील. २०१५ च्या कुंभात इथल्याच तरुणांनी दाबावर चालणाऱ्या चटईने गर्दी मोजून दाखवली होती, त्यामुळे सुरुवात शून्यापासून नाही.

आता निविदेकडे, कारण खरे घोडे तिथे पेंड खाते.

केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत मान्यताप्राप्त स्टार्टअपला अनामत रकमेतून सूट आहे आणि पूर्वानुभव व उलाढालीची अट शिथिल करण्याची मुभा आहे. अट एकच, गुणवत्ता घटता कामा नये. राज्याच्या स्टार्टअप सप्ताहातून २०१८ पासून निवडलेल्या कंपन्यांना १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश मिळाले. केरळने ठरावीक रकमेपर्यंत स्टार्टअपकडून थेट खरेदीची सोय केली. म्हणजे दार आहे. पण बऱ्याच निविदांत पहिल्या पानावर सूट दिलेली असते आणि विसाव्या पानावर ती काढून घेतलेली असते. तांत्रिक गुणांकनात 'तीन वर्षांची सरासरी उलाढाल : २० गुण', 'तत्सम कामे : २० गुण' असा तक्ता येतो. तांत्रिक गुणांना ७० आणि दराला ३० टक्के वजन देणाऱ्या ७०:३० च्या पद्धतीत हे ४० गुण गेले की उरलेल्या कागदाला अर्थ राहत नाही. सूट मिळालेला स्टार्टअप पात्र ठरतो आणि हरतो. काही ठिकाणी उत्पादकाचे अधिकारपत्र मागतात. उत्पादक स्वतःच निविदा भरत असेल, तर त्याने स्वतःलाच पत्र लिहून द्यायचे. हा विनोद आम्ही रचलेला नाही.

त्याहून मोठा खड्डा पुढे आहे. चाचणी यशस्वी होते, फोटो निघतात आणि मग मोठ्या कामाची नवी निविदा येते. तिच्यात ५ कोटींच्या उलाढालीची अट असते. ज्याने चाचणी केली तो बाहेर आणि ज्याला ती जमली नसती तो आत. उपाय सोपा आहे, पण पहिल्याच दिवशी करावा लागतो. चाचणी आणि विस्तार एकाच निविदेत दोन टप्पे म्हणून लिहावेत. पहिला टप्पा तीन जागांवर ६० दिवसांचा आणि पैसे देऊन. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच पाकिटात घ्यावा. वर दिलेले आकडे गाठले तर दुसरा टप्पा त्याच दराने. नाही गाठले तर करार संपला. लेखापरीक्षणात आक्षेप येतो तो स्पर्धेविना काम वाढवल्याचा. इथे स्पर्धा आधीच झालेली असते.

बिलाचा प्रश्न आकड्यांत मांडतो. १५ लाखांचे काम, त्यावर १८ टक्के जीएसटी २ लाख ७० हजार, एकूण १७ लाख ७० हजार. साहित्य ९ लाखांचे, त्यावरचा जीएसटी १ लाख ६२ हजार. बिल निघाले की मासिक विवरण भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत, इनपुट क्रेडिट (साहित्यावर आधीच भरलेला जीएसटी) वजा जाता, १ लाख ८ हजार सरकारला भरावेच लागतात. तुमचा धनादेश आला असो वा नसो. चार माणसे प्रत्येकी ३५ हजारांची, म्हणजे महिन्याला १ लाख ४० हजार. दोन महिने काम आणि ४५ दिवसांत बिल, असे झाले तर खर्च १६ लाख ६० हजार आणि पदरात १ लाख १० हजार. बिलाला चार महिने लागले तर खर्च २० लाख १० हजार, म्हणजे २ लाख ४० हजारांचा खड्डा. त्यात ७५ हजारांची सुरक्षा ठेव आणि टीडीएसचे ६० हजार मागाहून मिळायचे असतात. यशस्वी काम करून कंपनी बंद पडते ती अशी.

कायदा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण ज्याच्याकडे पुढचे काम मागायचे त्याच्यावर दावा कोण लावतो? म्हणून कामाचे पैसे आदेशाच्या दिवशीच वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि हप्ते लिहून ठेवावेत : साहित्य जागेवर आल्यावर ३० टक्के, यंत्र सुरू झाल्यावर ४०, साठ दिवसांनी २५, आणि ५ टक्के वर्षानंतर.

बिल अडते ते बहुधा कोणी वाईट असल्यामुळे नव्हे, तर मोजमाप पुस्तिकेमुळे. रस्त्याचे मीटर आणि काँक्रीटचे घनमीटर त्या पुस्तिकेत लिहिता येतात. सॉफ्टवेअर कशात मोजायचे? कनिष्ठ अभियंता 'सॉफ्टवेअर : १ नग' असे लिहायला घाबरतो, आणि त्याचे बरोबर आहे, कारण उद्या लेखापरीक्षक त्यालाच विचारणार. त्याला एक पानाचा स्वीकृती तक्ता द्यावा : किती नोंदी अपेक्षित, किती आल्या, पट्टीने मोजलेली पातळी आणि यंत्राची पातळी यांतला फरक, दिनांक, दोघांच्या सह्या. हा तक्ता निविदेतच परिशिष्ट म्हणून असला, की पुस्तिकेत त्याचा क्रमांक लिहून काम भागते.

तसेच सिमचे रिचार्ज. वर्षभराने यंत्रे मुकी होतात, कारण यंत्र भांडवली खर्चातून घेतलेले असते आणि महिन्याचे शंभर-दोनशे रुपये कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचे हे कोणीच ठरवलेले नसते. पाच वर्षांचे रिचार्ज, बॅटरी बदल आणि दुरुस्ती मूळ दरातच घ्यावी. सिंहस्थ संपल्यावरही गोदावरीला पूर येणारच आहेत.

स्टार्टअप म्हणवणारे सगळेच धुतल्या तांदळासारखे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. बाहेरून आणलेल्या बोर्डावर आपला स्टिकर लावून 'स्वदेशी' म्हणणारे इथेही आहेत. त्यांना ओळखणे अवघड नाही. सर्किटची मूळ आरेखने आणि आतल्या प्रोग्रामची प्रत सीलबंद ठेव म्हणून मागावी, आणि बैठकीतच एक बदल करायला सांगावा : नोंद दहाऐवजी पाच मिनिटांनी घेऊन दाखवा. ज्याने बनवले आहे तो अर्ध्या तासात करतो. ज्याने आणले आहे तो 'कंपनीला विचारतो' असे म्हणतो.

या पद्धतीने तयार झालेले यंत्र पुढे नैरोबीला किंवा जकार्ताला विकता येते, कारण पूर तिथेही येतात आणि तिथला खरेदीदार पहिला प्रश्न विचारतो : हे कुठे चालू आहे? त्याला दाखवायला कार्यारंभ आदेश, ६० दिवसांच्या नोंदी आणि वेळेवर मिळालेल्या बिलाचा दाखला लागतो.

दोन टप्प्यांच्या निविदेचा आणि स्वीकृती तक्त्याचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यावर तांत्रिक बैठक बोलवावी आणि तिला माहिती तंत्रज्ञान विभागाइतकेच लेखा आणि लेखापरीक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांनाही बोलवावे. पुलावर यंत्र लावण्याची परवानगी, खांबावरून वीज आणि वाहतूक वळवणे यासाठी एकाच अधिकाऱ्याला अधिकार द्यावेत आणि त्याच्या बदलीनंतर ते पदाकडे राहतील, असा आदेश त्याच बैठकीत निघावा.

आपले,
सातपूर, अंबड आणि सिन्नर येथील काही इलेक्ट्रॉनिक्स व सॉफ्टवेअर उद्योजक
नाशिक